सातची संध्याकाळ

सात तारीख उजाडली आणि सांडू कॅलेंडरापुढून हलेना. तीस वर्षं त्यानं वाळूजच्या कारखान्यात इमानेइतबारे काढली होती. दर सातला संध्याकाळी दारातच तो पगार बायकोच्या, गोजरबाईच्या हातावर ठेवायचा. ती तो डोळ्यांना लावून बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं ठेवायची, आणि मगच चहा. पुढं पगार बँकेत जमा होऊ लागला, तरी हा पठ्ठ्या सगळा काढून आणायचा. बजाजनगरातले शेजारी हसायचे. हसोत बापडे! पण आता तो निवृत्त झाला होता, शेवटचा पगार मागच्याच सातला आला होता, आणि पेन्शन कागदांत अडकलेली. आज तिच्या हातावर ठेवायचं काय?

दुपारी तो आडवा झाला. लेक विशाखा एमएचा अभ्यास करत शेजारी बसली होती.

"पप्पा, पगार हा शब्द पोर्तुगीजांचा आहे. जहाजातून आला."

"आन् त्याच्या आधी इथं काय म्हणायचे?"

"निजामाच्या मुलखात तनखा म्हणायचे. फारसी शब्द. तन म्हणजे देह, ख्वाह म्हणजे हवं असणं. देहाला जे हवं, ते."

"लई भारी," म्हणता म्हणता सांडूचा डोळा लागला.

वाळूजच्या रस्त्यानं जहाज येत होतं. शिडं लिंबांच्या फांद्यांना घासत होती, आणि खाली पाणी नव्हतं याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. जहाज कंपनीच्या फाटकाशी थांबलं. माणसं रांगेत उभी राहिली. सांडूचा नंबर आला तेव्हा दाढीवाल्या कारकुनानं हळूच विचारलं, "तनाला काय हवं?" सांडू आपल्या हातांकडं बघत राहिला. मागची रांग मात्र शांतपणे थांबून राहिली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. सवयीनं त्यानं बूट चढवले आणि कंपनीची बस थांबते तिथवर जाऊन आला. परतला तर गोजरबाई दारात उभी. तीही सवयीनंच.

"आज काय बी आणलं नाय गं," तो म्हणाला. त्याला रडूच आलं. तरी हात मेला आपोआप पुढं झाला, रिकामाच.

गोजरबाईनं तो दोन्ही हातांत घेतला, डोळ्यांना लावला, आणि तसाच धरून तसबिरीकडं चालू लागली. सांडू मागोमाग निघाला.

"आई, पप्पांचे बूट!" विशाखा ओरडली.

"असू दे," गोजरबाई म्हणाली. हात काही तिनं सोडला नाही.