नळीखालची नोट

बाबांची हरणाच्या शिकारीची रायफल मी तीन महिने सुधारतोय. दुर्बीण बदलली, चाप हलका केला, नळी लाकडाला टेकून नेम बिघडू नये म्हणून दस्ता आतून तासला. तरी मोंटानातल्या आमच्या क्लबातली सहाशे यार्डांवरची निशाण्याची पोलादी थाळी माझ्या गोळीने वाजायला तयार नाही.

"हॅल्वर, थाळीशी भांडण आहे का रे?" शेजारच्या बाकावरून रॉय ओरडला. "तिला सोडून सगळ्या डोंगराला गोळ्या घालतोस!"

"नळी लाकडाला टेकतेय," बाबा म्हणाले.

अशी शंका आली की आम्ही डॉलरची नोट नळीखालून सरकवून बघतो. आज ती बाबांनी स्वतः काढली. वारा अजिबात नव्हता, तरी नोट फडफडत होती. तीनदा प्रयत्न करूनही ती फटीत शिरेना. शेवटी मी घेतली आणि एका दमात टोकापर्यंत नेली.

"टेकत नाहीये, बाबा."

"माहितीये रे," ते हळूच म्हणाले. "पण डॉक्टरांनी माझ्या हाताचं सांगितल्यापासून तुझ्या हातांना काम हवं होतं." मग रॉयला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पुढच्या महिन्यात नळीच बदलून टाक!"

त्याच संध्याकाळी मी नव्या नळ्यांची माहिती वाचायला बसलो.