माझे समोरचे दोन डोळे

मित्रांनो, आणि हो, मैत्रिणींनो, मला चार डोळे आहेत. हसू नका. मी प्रयोगशाळेतला एक जुना मायक्रोस्कोप आहे, तोही जोडीचा. माझ्या एका बाजूला डोळे लावायच्या दोन नळ्या आहेत आणि बरोबर समोर आणखी दोन. दोन माणसं समोरासमोर बसली की खालच्या बशीत जे असेल ते दोघांना एकाच वेळी दिसतं. शिवाय माझ्या पोटात उजेडाचा एक हिरवा बाण आहे. एकाने तो सरकवून "हे बघ, इथे" म्हणायचं, की दुसऱ्याला नेमकं तेच दिसतं. किती छान सोय, नाही? फक्त समोर कुणीतरी बसायला हवं.

मला बनवणाऱ्या कारागिराने माझी भिंगं इतकी घासली, इतकी पुसली, की आता माझं काही उरतंय का, अशी मला धास्ती वाटली. खोक्यात घालताना तो म्हणाला, "जा बाबा. दोघांचा आहेस, एकटा पडू नकोस." त्याच्या बोलण्याकडे तेव्हा मी लक्षच दिलं नाही. नवीन होतो ना, तोऱ्यात होतो.

मी आलो तो थेट माशांच्या प्रयोगशाळेत. बोटाच्या पेराएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे. सकाळी दिवे लागले की ते अंडी घालतात, आणि अंडी कशी, तर काचेसारखी आरपार. दुसऱ्या दिवशी त्या एवढ्याशा अंड्यात हृदय धडधडायला लागतं. ते बघताना भलीभली माणसं गप्प होतात.

सुरुवातीला माझ्याकडे दोन तरुण संशोधक बसायचे. एक पुढे इथले मोठे सर झाले. समोर बसायची तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती चष्मा काढून माझ्या पायाशी ठेवायची आणि आधी नळ्या जुळवायची. कारण प्रत्येकाच्या दोन डोळ्यांमधलं अंतर वेगळं असतं. नळ्या तेवढ्या जवळ किंवा लांब केल्या नाहीत, तर एकाचे दोन मासे दिसतात आणि डोकं दुखतं. जुळवल्या की ती बाण असा भराभर फिरवायची, की समोरून आवाज यायचा, "अगं हळू, मला गरगरतंय."

"मग डोळे मिटून बघ," ती म्हणायची.

ते माझे सुखाचे दिवस.

मग चष्मेवालीला बाळ झालं. आमच्याकडे दर सोमवारी संध्याकाळी सहाला मीटिंग असायची. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या आणि त्या गप्पांमध्येच कुणी कोणतं काम करायचं ते ठरून जायचं. ती त्या वेळी घरी असायची. तिचं एकेक काम दुसऱ्याकडे गेलं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं गेलं. एके दिवशी तिला फुलं दिली. कुणीतरी भाषणात म्हणालं, "तिला आता घराला वेळ द्यायचाय." तुला जायचंय का, असं तिला विचारलेलं मात्र मी कधी ऐकलं नाही. जाण्याआधी ती माझ्यासमोर बसली आणि नळ्यांना डोळे लावून कितीतरी वेळ बघत राहिली. खाली बशीच नव्हती.

त्यानंतर समोरच्या खुर्चीवर पिशव्या बसायला लागल्या. पिशव्या, कोट, एकदा तर कुणाचं तरी हेल्मेट. माझ्यातून काढलेले फोटो भिंतीवर लागले, पाहुणे वाहवा करून गेले. पण माझे समोरचे दोन डोळे मात्र चष्मेवालीच्या अंतरावर जसे होते तसेच राहिले. त्यांच्यावर धूळ बसली. खरं सांगू? कौतुक ऐकतानाही एकटं वाटू शकतं.

खूप वर्षांनी ताई आली. सगळे धाकटे तिला ताई म्हणायचे म्हणून मीही म्हणतो. माशाचं हृदय पहिला ठोका नेमका कुठून सुरू करतं, हे तिला शोधायचं होतं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. पण साडेपाचला निघायची, कारण तिची छोटी पाळणाघरात असायची, नवरा परगावी नोकरीला, आणि पाळणाघर सहाला बंद. मला नवल वाटायचं. माशांचं काम तर सकाळचं. सहाची मीटिंग काही माशांनी ठेवलेली नव्हती. मोठ्या सरांना घरी जायची घाई नसे, एवढंच.

एका मंगळवारी ताई अंड्यांची बशी घेऊन आली, तर तिच्या खुर्चीत दाढीवाला बसलेला. तोही संशोधक, तिच्याच वयाचा, स्वभावाने सरळ.

"काय रे, वाट चुकलास?"

दाढीवाला उठून उभा राहिला. "तुला कळवलं नाही कुणी? काल मीटिंगमध्ये ठरलं. हृदयाचं काम आता माझ्याकडे."

ताईने बशी माझ्या शेजारी ठेवली. तेवढ्यात मोठे सर आत आले.

"हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस," ते समजुतीने म्हणाले. "लहान मूल आहे तुला. त्यात हे एवढं मोठं काम. म्हटलं, तुझा भार थोडा कमी करावा."

"सर, मी कधी म्हणाले भार होतोय?"

"म्हणाली नाहीस. पण आम्हाला दिसतं ना."

"दिसत नाही सर. तुम्हाला फक्त सोमवारची माझी रिकामी खुर्ची दिसते. सकाळी मी इथे असते तेव्हा बघायला कुणी नसतं. माझ्या भल्याचं होतं, तर मला विचारायचंत."

मी श्वास रोखून धरला असता, पण मला श्वास नाही. आता पुन्हा फुलं येणार, पुन्हा भाषण, असंच मला वाटलं.

तेव्हा दाढीवाला दाढी खाजवत म्हणाला, "सर, मलाही लहान मुलगा आहे."

"तुला? कधी बोलला नाहीस."

"मलाही कुणी विचारलं नाही. सोमवारी मी इथे चहा पीत बसतो आणि बायको कामावरून धावत जाऊन त्याला आणते. घरी गेलं की बोलणी खातो. खातो म्हणजे, मिळायलाच हवीत." मग तो हळूच म्हणाला, "काम तिचं आहे, सर. मला फक्त समोर बसू द्या."

मोठ्या सरांनी समोरच्या खुर्चीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या. स्वतःच बसले, माझ्या त्या दोन डोळ्यांना डोळे लावले. त्यांना नक्कीच एकाचे दोन दिसले असणार, कारण नळ्या अजून चष्मेवालीच्याच होत्या. त्यांचा हात नळ्यांकडे गेला आणि तिथेच थांबला. मग न जुळवताच उठले आणि जाताना म्हणाले, "मीटिंग सकाळी अकराला घेऊ. दोघांनाही जमेल ना?"

त्यांनी विचारलं, मित्रांनो. मी स्वतः ऐकलं.

त्या दिवशी दाढीवाल्याने नळ्या आपल्या डोळ्यांना जुळवल्या. मला आनंद झाला आणि थोडं तुटल्यासारखंही झालं, कारण चष्मेवालीची माझ्यापाशी उरलेली शेवटची खूण गेली. ताईने बाण सरकवला. "हे बघ, इथे." आणि पहिला ठोका पडताना दोघांनी एकदमच पाहिला.

आता मोठा पडदा आलाय. त्यावर एकाच वेळी सगळ्यांना दिसतं, फारच चांगलं झालं. मी बाहेरच्या व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या टोपीखाली उभा असतो. ताईची छोटी कधीतरी येते, तेव्हा टोपी काढून डोकावते. बाकी दिवस लांब असतात.

माझी टोपी काढा, धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. म्हणजे पुसलीत तर बरंच वाटेल. पण एक लक्षात ठेवा. माझ्यासमोर जो जो बसला, त्याच्यासाठी माझ्या नळ्या थोड्या जवळ-लांब कराव्याच लागल्या. त्याला कुणी कधी मेहेरबानी म्हटलं नाही. त्याशिवाय दिसतच नाही, एवढंच. तुमच्या वर्गात, घरात, उद्या तुमच्या प्रयोगशाळेत एखादी खुर्ची रिकामी होताना दिसली, तर तिच्यावर पिशव्या ठेवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा.

आणि खूप वर्षांपूर्वी माशांची हृदयं बघणारी, बाण भराभर फिरवणारी एखादी चष्मेवाली आजी तुम्हाला कुठे भेटली, तर तिलाही विचारा. उशीर झाला असेल, तरी विचारा.