चार बोटं वर

लोटन स्टुलावर चढून उभा राहिला. नजीरने ओठांत धरलेली टाचणी काढली आणि पॅंटचा काठ घोट्यापर्यंत दुमडून टोचला. खाली नायलॉनचा पिवळा मोजा होता, बाजूला काळ्या चौकड्या असलेला. लोटनने मान वाकवून पाहिलं.

"आखो वर, नजीरचाचा. मोजा दिसाले पाहिजे."

"दिसी तर ऱ्हायना."

"चालताना दिसतो. उभं राहिलं की झाकतो." धुळ्याला कॉलेजात गेल्यापासून लोटन बोलता बोलता मध्येच पुस्तकातली मराठी बोलू लागे. "तिकडे सगळे चार बोटं वर घालतात."

नजीरने आणखी दोन बोटं दुमडली. "याना वर गई ते पॅंट नही, चड्डी व्हई जाई. मोजा पायसाठे ऱ्हास का लोकेसाठे?"

"लोकेसाठेच ते!"

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी नजीरची बायको नईमा काजं करत बसली होती. तिला हसू आलं, पण हातातली सुई थांबली नाही.

पासष्ट सालचा उन्हाळा होता. आखाजीचा, अक्षय तृतीयेचा, सण झाला, कॉलेजची पोरं सुट्टीला शहाद्यात परतली आणि त्यांच्याबरोबर हे मोजे आले. एस.टी. स्टँडासमोर सुरतेचा एक फेरीवाला ते दोरीवर टांगून ठेवी. पिवळे, पोपटी, लालभडक. दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ पडे, अशा उन्हात पोरं मोजे घालून स्टँडावर उभी राहत. पाय घामाने शिजून निघाले की मागच्या भिंतीआड जात, मोजे काढून सायकलच्या हँडलवर वाळत घालत आणि पोटरीवर उमटलेली रबराची लाल खूण चोळत बसत. कापसाच्या जिनिंगवरच्या एका भिल पोराचा एक मोजा हरवला, तर त्याने त्या पायात पोपटी चढवला. आठ दिवसांत दोन पायांत दोन रंग ही नवीच तऱ्हा होऊन बसली.

मोजे दिसायचे तर पॅंट आखूड हवी, म्हणून सगळे नजीरकडे येत. आखूड करताना नजीर कापड कापत नसे. जादा कापड तो आत दुमडे आणि त्यावर नईमा तुरपाई घाली, बोटाच्या एका पेरात सात टाके, बाहेरून एकही दिसायचा नाही. हौस फिटली की टाके सोडायचे, पॅंट पुन्हा लांब. कातरण निघालीच तर पुरचुंडी बांधून कपड्याबरोबर परत द्यायची, चिंधीसुद्धा ठेवायची नाही. नजीरचा बाप डोक्यावर मशीन घेऊन गावोगाव जाई आणि लग्नघरच्या ओसरीवर शिवायला बसे, कारण शिंप्याच्या हवाली कापड करून निघून जायला कोणी तयार नसे. समोर घरातलं एखादं म्हातारं माणूस बसवलेलं असे, कात्रीवर नजर ठेवायला. नजीरच्या दुकानात मात्र गेली अकरा वर्षं लोक कापड न मोजता टाकून जात.

लोटनची पॅंट राखी रंगाच्या टेरिलीनची होती. त्याच्या बहिणीचं, रंजनाचं, लग्न जेठात होतं. त्यासाठी त्याच्या वडिलांनी, बन्सीलाल पाटलांनी, सुरतेहून आणवलेलं हे कापड.

"बापूले सांगानं नही हां चाचा," लोटन उतरताना म्हणाला. "मी वर करायला लावली म्हणून."

"नही सांगाव."

"जबान?"

"जबान," नजीर म्हणाला आणि खडूने रेघ ओढली.

पॅंट गेली. त्यानंतरच्या शनिवारी बाजारात नईमाच्या कानावर आलं की तापीकाठी पाटलांच्या गावात जेवणावळ होती, लोटन तिथे नवी पॅंट घालून वाढायला उभा होता, आणि पंगतीतून रेवजी पाटील मोठ्याने ओरडले होते, "बन्सीलाल, पोऱ्यानं कापड शिंपीनी खाई टाकं का रे?" सगळी पंगत हसली होती.

नईमा भाजी न घेताच परतली. तरण्या पोरांना मोजे दिसत होते, वडीलधाऱ्यांना कमी पडलेलं कापड. तिने हे नजीरला सांगितलं, तेव्हा तो मशीनला तेल घालत होता.

"टाके खोल के बता देंगे," तो म्हणाला. "कपडा अंदर है. डरती काय को?"

तिलाही ते कळत होतं. चारही बोटं आत होती, तिनेच दुमडली होती. तरी तिला बसवेना. लग्नाच्या कपड्यांचं गाठोडं मंगळवारी यायचं होतं. ते पाटलांनी परत नेलं असतं तर त्यांच्या मागे जातीतली बाकीची गुजर घरं गेली असती, आणि मग तीच ओसरी, तेच समोर बसवलेलं म्हातारं माणूस. रविवारी तिने एकाच सदऱ्याची बटणं दोनदा उसवून लावली. सोमवारी दोरा पुन्हा पुन्हा गुंतला. रस्त्यावर बैलाच्या घुंगरांचा आवाज आला की ती मान वर करी.

मंगळवारी दुपारी गाडी खरंच थांबली. बन्सीलाल पाटील हातावर पॅंट टाकून आत आले. मागून लोटन आला, पायजमा आणि चपला घालून, पायांत मोजे नव्हते. गाडी समोरच्या निंबाखाली उभी राहिली. तीत लोटनची आई जसोदाबाई मांडीवर गाठोडं घेऊन बसली होती, पदर दोन्ही मनगटांपर्यंत ओढून.

"नजीर, मी आजलगून कापड मोजं नही," पाटील म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुन्हा भरोसावर टाकं. पॅंट घोटाना वर कशी गई?"

नजीरने लोटनकडे पाहिलं. लोटन स्वतःच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"त्याना कडे काय दखस? चाचानीच आखूड करी, असं सांगस हाऊ."

नजीरने क्षणभर खडू बोटांत फिरवला. मग म्हणाला, "कापड पॅंटमाच शे, पाटील. आत दुमडेल शे चार बोटं. नईमा, टाके सोड."

नईमा छोटी कात्री घेऊन पुढे आली. तिने पॅंटचा काठ अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरला, आणि तिचा हात तिथेच थांबला. काठ पातळ होता. आत चार बोटं तर नव्हतीच, अर्ध्या बोटाची जेमतेम दुमड होती. तिने काठ उलटला. टाके लांब लांब होते, एका पेरात तीन, गोधडीला घालतात तसे ओढून घातलेले. दुसऱ्या पायालाही तसेच.

"काय व्हयनं?" पाटलांनी विचारलं.

"आठे नीट दिसत नही. उजेडमा लई जास," ती म्हणाली आणि कोणी काही बोलायच्या आत दुकानाची पायरी उतरली.

निंबाखाली बैल शेपटीने माशा वारत होते. नईमाने पॅंटचा काठ गाडीच्या कठड्यावर ठेवला.

"पाटलीणबाई, हाऊ टाका मन्हा नही."

जसोदाबाईने बैलांकडे पाहिलं. मग गाठोड्याच्या गाठीकडे.

"पोऱ्या म्हने, जाड लागस, चालताना फुगस. कापी दे म्हने." तिचा आवाज इतका खाली होता की नईमाला पुढे वाकावं लागलं. "मी कापी दिधं."

"आनि पट्ट्या?"

जसोदाबाईने उजव्या दंडावरचा पदर चार बोटं बाजूला केला. विटक्या सुती चोळीच्या बाहीला खाली राखी रंगाचा नवा काठ लावलेला होता. पॅंटचा घेर चौदा इंच. दंडाला पुरून शिवणीपुरता उरेल, इतका नेमका. दोन पाय, दोन बाह्या.

"हात लाई देख," जसोदाबाई म्हणाली. "पाणीनागत शे."

नईमाने बोट फिरवलं. तिला तो स्पर्श ठाऊक होता. दोन वर्षं ती हे कापड शिवत होती. एकदा, दुकानात कोणी नसताना, तिने टेरिलीनची एक कातरण गालावरून फिरवली होती आणि मग पुरचुंडीत बांधून गिऱ्हाइकाला देऊन टाकली होती.

"पाटीलले ठाऊक शे?"

"तेस्नी नजर कधी जास आठे?" जसोदाबाईने पदर पुन्हा मनगटापर्यंत ओढला. मग विचारलं, "तू सांगशी?"

नईमाने पॅंट उचलली. दुकानापर्यंत वीस पावलं होती. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. नजीर तिथल्या तिथे मोकळा झाला असता, अकरा वर्षांसकट. आणि पाटलांनी भर बाजारात गाडीपाशी जाऊन बायकोच्या दंडावरचा पदर ओढला असता. त्या घरात बायांना वर्षाला दोन लुगडी येत, दोन्ही पाटलांनी पसंत केलेली. टेरिलीन पुरुषांसाठी होतं.

दारात नजीर तिच्या हातांकडे पाहत होता. टाके उसवल्याचा दोरा कुठे दिसतो का, ते शोधत होता.

"काय?" पाटील म्हणाले.

तिने पॅंट कापायच्या टेबलावर ठेवली.

"कापड आत नही," ती म्हणाली.

नजीरने तिच्याकडे असं पाहिलं, जसं अकरा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने लोटनकडे पाहिलं. लोटनचे कान लाल झाले होते. नजीरने हातातला खडू टेबलावर ठेवला. जबान दिली होती.

"बस," पाटील म्हणाले. "मी काही भांडाले उनू नही. पन लगननं कापड आठे टाकाव नही. सकाय मशीन लई ये, मन्ही ओसरीवर बठ, मन्हा डोयासमोर शिव."

"ठीक शे, पाटील," नजीर म्हणाला. तो खाली बसला आणि तेलाची बुधली, रिळं, खडू असं एकेक पेटीत भरू लागला. एक रीळ हातातून निसटून मशीनखाली गेलं. त्याने ते काढलं नाही. त्याच्या मानेवर घामाचा ओघळ उतरत होता. नईमा ते पाहत राहिली.

"पाटील," ती म्हणाली, "टाका..."

पण पाटील तिच्याकडे पाहत नव्हते. ते रस्त्याकडे पाहत होते.

जसोदाबाई गाडीतून उतरली होती. गाठोडं तिने डाव्या कमरेवर घेतलं होतं आणि पदराचं टोक कमरेला घट्ट खोचलं होतं. उजवा दंड खांद्यापासून मोकळा होता. समोरच्या पानाच्या दुकानातली माणसं बोलायची थांबली. उन्हातून चालत ती पायरीपाशी आली.

"तू कसाले उतरनी?" पाटील म्हणाले.

आत येऊन तिने गाठोडं टेबलावर ठेवलं, पॅंटच्या शेजारी, आणि हात गाठोड्यावरच राहू दिला. चोळीची बाही पॅंटच्या काठाजवळ आली. दोन्ही एकाच राखी रंगाचे, दोन्हींवर तेच लांब, ओढलेले टाके.

"माय..." लोटन म्हणाला.

बन्सीलाल पाटलांनी पॅंटकडे पाहिलं, मग बाहीकडे. गेले तीन दिवस, दोन्ही वेळा, याच हाताने त्यांच्या ताटात भाकरी पडली होती. पेटीशी बसलेला नजीरही आता उठून उभा राहिला होता.

"ऊन शे," पाटील शेवटी म्हणाले. "गाडीमा बठ."

जसोदाबाई हलली नाही. तिने गाठोड्याची गाठ सोडली. आतलं कापड घडीघडीने वर आलं, लाल, हिरवं, चंदेरी, आणि सगळ्यांत खाली उरलेलं राखी टेरिलीन. ते तिने ओढून वर ठेवलं आणि नईमाकडे वळली.

"पहिले मन्हा चोळीनं माप ले," ती म्हणाली.

नईमाने पाटलांकडे पाहिलं. पाटील रस्त्याकडे तोंड करून उभे होते. तिने गळ्यातली टेप काढली आणि जसोदाबाईला म्हणाली, "हात वर करा."