देवघरातलं नांदरूक

गाणगापुरात देवळामागच्या बोळात सोजराबाईंच्या भाड्याच्या चार खोल्या. पौर्णिमेला तिथं पाय ठेवायला जागा नसते. लातूर-सोलापूरचे यात्रेकरू येतात, ‘मावशी, गरम पाणी’, ‘मावशी, किल्ली’ करतात आणि दर्शन झालं की पिशव्या उचलून चालते होतात. भर दुपारी माधुकरी मागणारे दाराशी उभे राहतात, त्यांच्या झोळीत बाई भाकरी घालतात. दिवसभर मावशी-मावशी ऐकणाऱ्या या बाईला आई म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते जर्मनीत होतं.

जर्मनीला जाताना त्या लेकानं, शिवशंकरनं, बंगळूरहून एक बोन्साय आणून दिलं होतं. वीतभर झाड, पसरट कुंडी, फांद्यांना तारा गुंडाळलेल्या.

“उंबराच्या जातीतलं हाय आई. लय जीव हाय माजा हेच्यात. सांबाळ.”

दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. “आई, झाड दाखव.” सोजराबाई फोन झाडासमोर धरायच्या. म्हणजे लेकाला झाड दिसायचं, आई दिसायचीच नाही. पण त्याचा आवाज तर कानावर पडायचा! नवरा गेल्यापासून त्या घरात रविवार आणि सोमवार सारखेच झाले होते. या कुंडीनं रविवार परत आणला होता. झाड आहे तोवर फोन आहे, हे बाईंनी पक्कं ओळखलं होतं.

आता उंबराच्या जातीतलं म्हटल्यावर गाणगापूरच्या बाईनं काय समजावं? पान तुटलं की पांढरा चीक, फांदीला मिऱ्याएवढं फळ. औदुंबरच! दत्तगुरूंचं झाड काय अंगणात कोंबड्यांच्या पायात ठेवायचं? त्यांनी ते देवघरात तसबिरीशेजारी बसवलं. रोज पूजा झाली की पळीभर तीर्थ, संध्याकाळी उदबत्ती. शिवशंकर बजावून थकला, “उनात ठेव. मातीत बोट घालून बघ. वरची माती सुकली की खालच्या भोकातनं निघंपत्तर पाणी घाल. शेंडे छाट. आन् त्या तारा काप, सालीत रुतत्याल.” बाई नुसत्या “व्हय, व्हय” म्हणायच्या. औदुंबराला कात्री लावायची? ते पाप फेडायचं कुठं!

दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळायला लागली. बाईंनी ती एकेक वेचून ठेवली. रविवारी त्यांनी फोन हिरव्या बाजूनं धरला.

“दुसऱ्या बाजूनं दाखव की.”

“रेंज जायलीय बघ,” म्हणून त्यांनी फोनच बंद केला. देवासमोर बसून खोटं बोलल्या, त्याचंही वाईट वाटलं.

सकाळी गळालेली पानं पदरात बांधून त्या देवळाकडच्या औदुंबराखाली गेल्या. काय चुकलं ते त्यालाच विचारायचं होतं. पानं पारावर ठेवली आणि बघतात तर शेजारी पडलेलं उंबराचं पान चांगलं लांब आणि निस्तेज. त्यांचं पान बुटकं, जाड, तेल लावल्यासारखं चकचकीत. वर पाहिलं. उंबराच्या खोडालाच फळांचे घोस लागलेले, पारंबी मात्र एक नाही. घरच्या झाडाच्या बुंध्याला तर दोऱ्यासारख्या मुळ्या लोंबत होत्या. असलं झाड त्यांनी पाहिलं होतं. आळंदजवळ, माहेरच्या फाट्यावर. सासरी पाठवताना वडील त्याच झाडाखाली एसटीची वाट बघत त्यांच्याशेजारी उभे राहायचे.

“अगं बाई, हे तर नांदरूक! रस्त्याकडंचं सावलीचं झाड!”

त्या मोठ्यानं हसल्या. हे कुणाला तरी सांगावं म्हणून वळल्या, पण जवळ ओळखीचं कुणी नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कुंडी सकाळच्या उन्हात ठेवली. खालून निथळेपर्यंत पाणी घातलं, शेंडे छाटले, एकेक तार कापून काढली. सालीवर वळ उठले होते. हळद लावावीशी वाटली, पण आपलं शहाणपण आता पुरे म्हणून हात आवरला. यथावकाश कोवळी पानं फुटली.

“झकास!” शिवशंकर खूश झाला. “माजी काळजीच मिटली बघ. आता दर रविवारी तुला तरास देत न्हाई. झाडाला काय झालं तरच कळीव.”

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा सोजराबाई उठल्या, कुंडी उचलून पुन्हा देवघराच्या अंधारात ठेवली आणि दार ओढून घेतलं. उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. थोड्या वेळानं त्यांची त्यांनाच शरम वाटली. लेकाला बोलवायला मुक्या झाडाचा जीव घ्यायचा? कुंडी परत उन्हात आली.

तेवढ्यात दाराशी माधुकरीची हाक आली. हातात जाड सोन्याच्या पाटल्या घातलेली एक बाई झोळी पसरून उभी होती. गाणगापुरात पैसेवाले यात्रेकरूही दुपारी माधुकरी मागतात, त्याची लाज नसते. त्या वेळी खुद्द दत्तगुरूही भिक्षा मागत फिरतात म्हणतात. सोजराबाईंनी जन्मभर या दारातून दिलं होतं, मागितलं कधीच नव्हतं. तिच्या झोळीत भाकरी घालून त्या आत आल्या, हात पुसले आणि लेकाला स्वतःहून व्हिडिओ कॉल लावला.

“आई? काय झालं? पानं गळाली का?”

त्यांनी फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.

“झाड बरं हाय. मी बरी न्हाई, शिवा. एकलीला घर खायला उठायलंय. झाडासाठी नगं, माज्यासाठी फोन करत जा.”

पलीकडं शिवशंकरनं फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

“आई,” तो म्हणाला, “किती वाळलीस गं.”