मोहोळच्या वाटेवरचं पेट्रोल

बाळे गाव मागं पडलं तेव्हा दाक्षायणीच्या शेजारच्या सीटवर फक्त तिची पर्स होती. पर्स ठेवली की गाडी टिंगटिंग करते, पट्टा लावा म्हणते. गाडीला वाटतं, कुणीतरी बसलंय. दाक्षायणीनं पर्सला पट्टा बांधला. टिंगटिंग थांबली, आणि उरला तो नुसता वारा.

ही लाल, दोनच बैठकांची स्पोर्ट्स कार तिच्या नवऱ्यानं, सोमशेखरनं, पंचावन्नाव्या वर्षी जुनी घेतली होती. तूरडाळीच्या व्यापाऱ्याला हे काय सुचलं म्हणून अख्खा बाजार हसला. घरात माणसं अकरा, गाडीत जागा दोघांना. दर रविवारी तो सांगायचा, हिला साधं पेट्रोल चालत नाही, भारीतलंच लागतं, आणि तेही मोहोळच्या अलीकडच्या पंपावरचं.

"शहरात मिळत नाही का रे?" थोरले भाऊ विचारायचे.

"हायवेवर खप जास्त, दादा. माल ताजा असतो."

पेट्रोल म्हणजे जशी काही डाळच. मग दोघं निघायची. जाऊन येऊन दोन तास. याच रस्त्यावर त्यानं तिला गाडी शिकवली, आणि याच रस्त्यावर ती मनातल्या मनात ओवी जुळवायची:

दोन बैठकांची गाडी, तिसऱ्याला जागा न्हाई
धूळ मागं मागं राही, संगं सखा माझा बाई

तो गेला त्याला सात महिने झाले. तिच्याकडं उरला होता तो रविवार. आठवडाभर ती घरच्या गर्दीत कुणाला जाणवणार नाही अशी वावरायची. या दोन तासांत मात्र तिला मोठ्यानं रडता यायचं, त्याच्याशी भांडताही यायचं.

आज निघताना पुतण्या अमरेश म्हणाला होता, "काकू, पंपावर एकदा विचारून या. साधं चालत असलं तर कोपऱ्यावर मीच भरत जाईन. तुम्ही कशाला एकट्या उन्हात?" अमरेशच्या मनात काही वाकडं नव्हतं. म्हणून तर ती 'विचारते' म्हणून निघाली होती.

पंपावर पिकल्या मिशांचा महिपती होता. सहा वर्षं तोच पेट्रोल भरायचा.

"या वहिनी. भारीतलंच ना?"

"महिपती, हिला साधं खरंच चालत नाही का हो?"

तो नळी हातात धरून थांबला. "शेटनी सांगितलं न्हाय व्हय तुमाला?" त्यानं टाकीचं झाकण तिच्याकडं वळवलं. आत बारीक अक्षरं होती. ऑक्टेन एक्क्याण्णव किंवा त्याच्या वरचं. "साधं एक्क्याण्णवच असतंय की. पयल्याच रविवारी मी दावलं त्येंना. म्हनले, ठावं हाय."

"मग?"

"म्हनले, अकरा मानसांच्या घरातनं बायकूला घिऊन भाईर पडायचं, तर कायतरी कारन लागतंय की." महिपती हसला, आणि तिच्याकडं बघून त्यानं नळी परत अडकवून फडकं उचललं.

सहा वर्षं ती समजत होती, त्याचा जीव गाडीवर आहे आणि आपण नुसत्या सोबतीला. हे आता सांगायचं कुणाला? ज्याला सांगावं, तोच नव्हता.

फोन वाजला.

"काकू, विचारलं का?"

झाकण समोर उघडंच होतं. तिनं त्याच्याकडं पाठ केली.

"विचारलं रे. भारीतलंच लागतं म्हणतात."

"बरं. मग पुढच्या वेळी मी जाऊन भरून आणतो."

"नको, अमरेश. गाडीला माझ्या हाताची सवय झालीय."

"सावकाश या," एवढंच तो म्हणाला.

महिपती पुढची काच पुसत होता. काच स्वच्छच होती.

"झिरो बघा वहिनी. टाकी फुल करू?"

"फुल नको. पुढच्या रविवारी परत यावं लागेल, एवढंच टाका."