चार मिलिमीटर

स्वस्त म्हटलं की आपण हुरळतो. भाजी असो, बूट असो, नाहीतर पूल! पुलांचे आराखडे करणारे आमचे इंजिनिअर तर स्वस्तात काम बसवण्यात वाकबगार. कचेरीत त्यांना ‘काटकसरबुवा’च म्हणत. आज नव्या पुलाची फाइल टेबलावर होती. रस्त्याखालची पोलादी प्लेट सोळा मिलिमीटरची घ्यायची की बाराची, एवढंच ठरायचं होतं.

“बाराच करा,” मोठे साहेब म्हणाले. “प्लेट हलकी झाली की खांबही हलके होतात. खर्च कमी, मंजुरी लगेच.”

“पण पुढे दुरुस्ती निघाली तर?” काटकसरबुवांनी विचारलं.

“दुरुस्तीचं खातं वेगळं. त्यांचं ते बघतील! उद्या सही करून आणा.”

बारा वर्षांपूर्वी नदीवरच्या पुलाला काटकसरबुवांनी बाराचीच प्लेट दिली होती, शाबासकीही मिळवली होती. का कोण जाणे, मनात पाल चुकचुकली. संध्याकाळी ते त्या पुलाखाली गेले.

पूल तपासणाऱ्या बाई शिडीवर होत्या. वेल्डिंगच्या सांध्यावर एक बारीक काळी रेघ दिसत होती. दर महिन्याला ती जिथे संपे, तिथे बाई पिवळ्या खडूने खूण करून तारीख घालत. पहिल्या दोन तारखांमध्ये बोटभर अंतर होतं, शेवटच्या दोन तारखांमध्ये वीतभर.

“तार वाकवून वाकवून तुटते ना, तसंच आहे हे,” बाई म्हणाल्या. “पातळ प्लेट प्रत्येक चाकाखाली दबते. चारदा कळवलं, पण दीड महिना पूल बंद ठेवायला कुणी तयार नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तेव्हा वाचलं किती आणि आता जाणार किती, हे एका कागदावर कधी मांडलंत का, साहेब?”

वरून ट्रक गेला. रेघेने तोंड उघडलं आणि मिटलं! सहाच्या बसने काटकसरबुवांची बायको इथूनच घरी येत असे. त्यांनी घाईघाईने फोन लावला.

“आज बसने येऊ नकोस. लांबच्या रस्त्याने टॅक्सी कर.”

“अहो, झालं काय?”

“पूल धड नाही.”

ती म्हणाली, “बस भरलीय हो. बाकीच्यांना काय सांगू?”

त्यांना स्वतःची लाज वाटली. पूल बंद करायला आराखडा करणाऱ्याची सही लागे, ‘दोष माझा’ या शब्दांखाली. तो कागद सहीवाचून बाईंच्या पिशवीत पाच महिने पडून होता. त्यांनी शिडीला टेकून सही केली. सहाच्या आत पुलाच्या दोन्ही तोंडांना पोलीस उभे राहिले.

सकाळी त्यांनी फाइलवर सोळा लिहिलं आणि खाली पन्नास वर्षांच्या दुरुस्तीचा खर्चही मांडला.

“पायावर धोंडा पाडून घेतलात!” मोठे साहेब ओरडले.

“घेतला,” ते म्हणाले. “लोकांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा बरा.”

मंडळी, विकत घेतानाची किंमत ही पूर्ण किंमत नसते. आपण वाचवलेलं कुणाला तरी भरावंच लागतं, आणि तो माणूस बहुधा बसमध्ये बसलेला असतो.

काटकसरबुवांच्या हातचे बाराचे आणखी तीन पूल आहेत. तिथे शिडी लावून अजून कुणी पाहिलेलं नाही.