लाइनीला पंच्याण्णव, कॅमेऱ्याला पस्तीस

अकराला माझी ऑनलाइन मुलाखत होती आणि साडेदहापर्यंत चिमी झोपायचं नाव घेत नव्हती. नागपूरच्या एका कंपनीचं काम, घरूनच करायचं: लोकांचं नेट बिघडलं की फोनवर उपाय सांगायचा. आठ महिन्यांच्या पोरीला सोडून पांढुर्ण्याबाहेर रोज जाणं मला जमणार नव्हतं, म्हणून हीच नोकरी हवी होती.

पाळण्यावर छोटा कॅमेरा आहे. तो स्वतःचंच वायफाय सोडतो. लॅपटॉप त्याला जोडला की चिमी दिसते, पण इंटरनेट त्याच्याकडे नाही. ते येतं वायरीतून. दोन रस्ते असले की लॅपटॉप 'मेट्रिक' नावाचा आकडा बघतो. ज्याचा आकडा लहान, तो रस्ता पहिला.

चिमीला थोपटता थोपटता मी सासऱ्यांना हाक मारली. रघुनाथराव, मोहगावच्या शाळेतले निवृत्त गणिताचे मास्तर.

"बाबूजी, लॅपटॉपवर सेटिंगची खिडकी उघडीच आहे. वायरीच्या मेट्रिकमध्ये दहा टाका, कॅमेऱ्याच्या मेट्रिकमध्ये पन्नास."

"टाकतो, बेटा. तू पोरगी सांभाळ."

अकराला मी बसले. चिमी पडद्यावर अगदी स्पष्ट, झोपलेली, तोंडात अंगठा. मुलाखतीच्या जागी मात्र पांढरं पान आणि त्यावर गोल गोल फिरणारं चक्र. वायर काढून लावली, चक्र फिरतंच. तीन मिनिटं गेली. शेवटी सेटिंग उघडलं. वायर: पंच्याण्णव. कॅमेरा: पस्तीस.

"बाबूजी! हे काय करून ठेवलं?"

"काऊन? मॅट्रिकमध्ये दहा? येवढी चांगली लाइन, तिले नापास करतं का वं? पंच्याण्णव देल्ले. अन् त्या डबड्याले पन्नास कायले पाहिजे? पस्तीस. काठावर पास."

म्हणजे पस्तीस लहान, म्हणून कॅमेरा पहिला. माझी अख्खी मुलाखत पाळण्यात जाऊन पडत होती.

"बाबूजी, हे मार्क नाहीत. हा नंबर आहे. वर्गात पहिला, दुसरा."

बाबूजी एकदम ताठ झाले. "मंग असं सांग ना बाप्पा! मेरिट लिस्ट हाय हे. वायरीले एक टाक."

टाकला आणि मुलाखतीचं पान पुन्हा उघडायला लावलं.

"अन् त्या कॅमेऱ्याले लिस्टमधीच कायले घेऊन राहिली? त्याले कुठं गावाबाहेर जाचं हाय? पोरगी तं घरातच हाय."

बरोबरच होतं. कॅमेऱ्याचा गेटवे, म्हणजे बाहेर पडायचं दार, मी पुसून टाकला. चिमी दिसत राहिली आणि चक्र थांबलं. मुलाखत घेणाऱ्या बाई समोर आल्या. नाव प्रतिभाताई. सात मिनिटं उशीर झाला होता.

"उशीर का झाला?"

खोटं सुचलं नाही. दहा, पन्नास, पंच्याण्णव, पस्तीस, सगळं सांगून टाकलं. त्या हसल्या नाहीत, लिहीत होत्या. मग म्हणाल्या, "मग आता गिऱ्हाइकाच्या घरी असे दोन रस्ते असतील, तर काय ठेवाल?"

"बाहेरचा रस्ता एकच. घरातल्या वस्तूला घरापुरतंच ठेवायचं."

तेवढ्यात चिमी उठली, ओरडली. मी अर्धी उठले, पण पडद्याच्या कोपऱ्यात बाबूजी पाळण्याशी पोचलेले दिसले. त्यांनी तिला खांद्यावर घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर तोंड आणून एक बोट वर केलं.

"बाळाजवळ कोण आहे?" बाईंनी विचारलं. रडणं त्यांनाही ऐकू गेलं असणार.

"माझे सासरे," मी म्हटलं. "निकाल सांगताहेत."

"आमचा अजून लागायचा आहे," त्या म्हणाल्या, आणि आता मात्र हसल्या. "सोमवारपासून जमेल?"